गाण्याला मत द्या, गावाला नको



दिवसभर चिखलात नाहीतर खाऱ्या पाण्यात राबून आल्यावर रात्री घटकाभर टीव्हीसमोर बसून गाणे ऐकावे, यात गैर काहीच नाही. शनिवार-रविवारी गाण्याच्या अखिल भारतीय स्पर्धा आपल्या घराघरांत पाहिल्या जातात. पोरे जीव तोडून गातात, परीक्षक उठून टाळ्या वाजवतात, आणि शेवटी निवेदक हात जोडून सांगतो की आता निर्णय तुमच्या हाती, मत द्या. इथवर ठीक. पण हे मत द्यायचे कशाला? गाण्याला, की गाणाऱ्याच्या गावाला? माझे स्पष्ट म्हणणे असे की आपण बहुतेक जण गाण्याला मत देतच नाही, आणि त्यात नुकसान गाण्याचेही होते व आपलेही होते.

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. १९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले, तेव्हा गुण द्यायला संगीतातली बुजुर्ग माणसे बसत. आपल्याकडच्या भजनी स्पर्धेत परीक्षक समोर वही घेऊन बसतो आणि सूर, ताल, शब्द यांचे गुण वेगवेगळे मांडतो, तसाच तो प्रकार. पुढे २००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आले. इंग्लंडमधील ‘पॉप आयडॉल’ या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती. त्यात शेवटचा निर्णय प्रेक्षकांच्या एसएमएसवर ठेवला गेला, आणि २००५ साली मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. लोकांच्या हाती निर्णय आला ही वरवर पाहता चांगलीच गोष्ट. पण एक मेख आहे. निवडणुकीत एका माणसाला एक मत. इथे एक माणूस वाटेल तितके संदेश पाठवू शकत होता, आणि प्रत्येक संदेशाला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत. ज्या मुलखात चिडून, ईर्षेने पैसे खर्च करणारी माणसे अधिक, त्या मुलखाचे पारडे जड! देवाला आपण कौल लावतो तो एकदा. हवी ती पाकळी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहिलो, तर त्याला कौल कोण म्हणेल?

याचा शेवट कुठवर जातो, ते २००७ साली दिसले. त्या वर्षी अंतिम फेरीत दोघे उरले: दार्जिलिंगचा प्रशांत तामांग, जो कोलकाता पोलिसांत शिपाई होता, आणि शिलाँगचा अमित पॉल. सुमारे ७ कोटी मते पडली. दार्जिलिंगच्या डोंगरात प्रशांतसाठी वर्गणी काढून संदेश पाठवले गेले, आणि तो जिंकला. त्यानंतर दिल्लीतल्या एका खासगी रेडिओवर निवेदकाने नेपाळी भाषकांना चौकीदार म्हणून हिणवले. डोंगरी लोक संतापले, सप्टेंबरच्या अखेरीस सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावे लागले. प्रशांतच्या पाठीराख्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक बिमल गुरुंग. त्याने ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि वेगळ्या राज्याची मागणी पुन्हा पेटवली. त्याच स्पर्धेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमित पॉल हा बंगाली. शिलाँगमध्ये खासी आणि बाहेरचे यांच्यात जुनी तेढ. पण त्याच्यासाठी तिथे दोन्ही समाज एकत्र आले, आणि मेघालय सरकारने त्याला सलोख्याचा दूत नेमले. म्हणजे गाणे जोडूही शकते. तोडते ते गाणे नव्हे, त्याच्यावर आपण लादलेले ओझे तोडते.

गोरखा लोकांची मागणी बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. भाषेची आणि मुलखाची मागणी ही सभेत मांडावी, अर्जात लिहावी, मतपेटीत टाकावी. आपण ती तशीच मांडत आलो. ती गाणाऱ्या पोराच्या गळ्यात बांधू नये, एवढेच माझे म्हणणे. पोरगे हरले की मुलूख हरला, असे व्हायला लागले तर त्या पोराने गावे तरी कसे?

दूरचे कशाला, जवळचेच सांगतो. २०२१ च्या १५ ऑगस्टला मी धारवाडजवळ बेलूरला होतो. पुणे-बंगळूर हमरस्त्यालगतच्या त्या औद्योगिक वसाहतीत माझा भाचा कामाला आहे. त्याच्या खोलीवर बेळगावकडची मराठी पोरे आणि हावेरी-गदगकडची कानडी पोरे एकत्र राहतात, एकाच भांड्यात भात शिजवतात. त्या दिवशी ‘इंडियन आयडॉल’ची बारा तास चालणारी अंतिम फेरी होती. सहा जणांत आपली सायली कांबळे होती आणि मंगळूरकडचा निहाल तावरोही होता. झाले! दुपारपासून खोलीत दोन तट पडले. प्रत्येक जण आपापल्या मोबाईलवर बोट आपटतो आहे, एकमेकांना टोमणे मारतो आहे. मी भाच्याला विचारले, “अरे, सायलीचे कोणते गाणे तुला एवढे आवडले?” तो म्हणाला, “गाणे तसे आठवत नाही मामा, पण आपली आहे ना ती!” कानडी पोराला निहालचे विचारले, तर त्याचेही उत्तर तेच, फक्त हिंदीतून. दारात घरमालकीण उभी होती, कानडी बाई. ती म्हणाली, “ती बंगाली मुलगी गाते तेव्हा शब्द कळत नाहीत, पण हातातले काम थांबते.” साऱ्या खोलीत गाणे ऐकले ते त्या एकट्या बाईने, आणि मत देण्याजोगा मोबाईल तिच्याकडेच नव्हता. रात्री उत्तराखंडचा पवनदीप राजन पहिला आला, ती बंगाली मुलगी अरुणिता कांजीलाल दुसरी, सायली तिसरी आणि निहाल पाचवा. दोन्ही तट न बोलता झोपले.

आणि हे घडावे कुठे, तर धारवाडच्या मातीत! कुंदगोळचे रामभाऊ किराणा घराण्याची तालीम घेऊन सवाई गंधर्व झाले आणि त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली. त्यांच्या पायाशी धारवाडच्या गंगूबाई हनगल शिकल्या, भीमसेन जोशी शिकले. भीमसेनांनी गुरूच्या नावाचा महोत्सव १९५३ पासून पुण्यात भरवला. आमच्या देवळांतून तुकोबांचा अभंग त्यांच्याच गळ्याने घुमला, आणि कर्नाटकात पुरंदरदासांची पदेही त्याच गळ्याने. भीमसेन कानडी की मराठी, असा कौल कोणी लावला असता तर आपल्या हाती काय उरले असते? आपल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली. ती जाणत्यांनी कानाने निवडली, मते मोजून नव्हे.

आता खुद्द गाण्यांविषयी. माझी या स्पर्धांबद्दल तीन गाऱ्हाणी आहेत. पहिले, गायचे ते बहुतेक जुने हिंदी चित्रपटगीत. मूळ गाणे लता, रफी, आशा, किशोर यांनी अजरामर केलेले. पोर त्याची नक्कल करते आणि आपण नकलेला गुण देतो. दुसरे, गाणे कापून आखूड केलेले असते आणि शेवटी आवाज वर नेऊन ताणायचा, म्हणजे परीक्षक उठून उभे राहतात. संथ, हळुवार गाणे निवडणारा सहसा मागे पडतो. तिसरे, गाण्याआधी घरच्या गरिबीची करुण कहाणी. गरिबी ही लाजेची गोष्ट नाही, पण ती सुराच्या जागी गुण मिळवायला उभी करावी, हे मला पटत नाही.

या तिन्हींना उत्तर देणारी उदाहरणे आहेत. हावेरी जिल्ह्यातला मेंढरे राखणारा हनुमंत लमाणी २०१८-१९ मध्ये कन्नड ‘सा रे ग म प’मध्ये आपल्या मातीतली लोकगीते घेऊन उतरला आणि दुसरा आला. कहाणी त्याचीही होती, पण ते गाणे त्याच्या कामातून आलेले होते, उसने नव्हते. तसेच २००९ साली मराठी ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड अभंग-गवळणींच्या बळावर पहिली आली. अस्सल गाणे समोर आले तर लोक त्याला ओळखतात, असा याचा अर्थ.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आम्हाला राग-ताल कुठे कळतो? कळतो! रापण ओढताना साद कुठे द्यायची आणि जोर कुठे लावायचा, हे ज्याला कळते त्याला ताल कळतो. वाऱ्याविरुद्ध होडीला हाक घालणाऱ्याला आवाज बेंबीतून येतो की नुसता गळ्यातून, ते लगेच कळते. लावणी लावताना गाणाऱ्या बायकांना दम कुठे घ्यायचा ते शिकवावे लागत नाही. तेव्हा मत देण्याआधी तीन गोष्टी पाहा. डोळे मिटून ऐका. चेहरा, कपडे, दिवे वगळून काय उरते ते पाहा. शब्द स्वच्छ कळतात का पाहा, आणि दम भलत्या जागी घेऊन शब्द तोडला नाही ना, तेही. आणि दुसऱ्या दिवशी काम करताना ते गाणे आपसूक ओठांवर येते का पाहा. आले, तर ते जिंकले.

युरोपात १९५६ पासून ‘युरोव्हिजन’ नावाची स्पर्धा चालते. तिथे जुनी गाणी चालत नाहीत. प्रत्येक देश तीन मिनिटांच्या आत बसणारे नवे गाणे पाठवतो. आणि नियम असा की कोणत्याही देशाच्या प्रेक्षकाला आपल्याच देशाच्या गाण्याला मत देता येत नाही. नुसत्या फोनच्या मतांनी शेजारी शेजाऱ्याला गुण वाटतात अशी तक्रार वाढली, तेव्हा २००९ पासून अंतिम फेरीत निम्मे गुण पुन्हा जाणकारांच्या हाती दिले. तरीही तिथे भांडणे होतातच, पण निदान नियम तरी शहाणा आहे.

आपल्या वाहिन्यांनी दोन गोष्टी कराव्यात. निम्मे गुण जाणकारांचे ठेवावेत, आणि एक फेरी अशी ठेवावी की प्रत्येकाने आपल्या मातृभाषेतले, आपल्या मुलखातल्या कामाचे किंवा सणाचे गाणे गावे. मग कोळीगीत, घुमटाच्या तालावरचे शिगम्याचे गाणे आणि हावेरीच्या धनगराचे गाणे समोरासमोर येईल. वाहिन्या हे करतील तेव्हा करतील, पण आपल्या घरातला नियम आजपासून आपल्या हाती आहे. आपल्या मुलखाचे पोर चांगले गायले तर त्याला जरूर मत द्या. परंतु पहिले मत अशा एकाला द्या, ज्याच्या गावाचे नावही तुम्हाला ठाऊक नाही आणि ज्याच्या गाण्याने तुमचे हातातले काम थांबले.