आयात की नुसता पत्ता?

मंडळी, व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘इम्पोर्ट’ या शब्दाशी माझं भांडण आहे. गव्हाची आयात झाली म्हणजे गहू गोदामात आला, असंच कुणीही समजेल ना? पण प्रीमिअरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट’ केल्यावर आत येतो तो फक्त मालाचा पत्ता. माल जिथल्या तिथेच!

जरा सोपं करून सांगते (शिकवायची खोड जात नाही, चालवून घ्या). ग्रंथालयात कार्डांचा खण असायचा. पुस्तक कोणत्या कपाटात, हे कार्डावर लिहिलेलं असे. प्रोजेक्टची फाइल म्हणजे तो खण. अमुक फोल्डरमधली अमुक फाइल, या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत घ्यायची, एवढीच नोंद तिच्यात असते. मूळ फाइल हलवली किंवा पेन ड्राइव्ह काढला, की कार्ड आहे आणि पुस्तक गायब. प्रीमिअर मग लाल पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ अशी पाटी दाखवतं. पूर्वी घरोघरी असलेल्या विंडोज मूव्ही मेकरचीही हीच रीत होती.

यात सॉफ्टवेअरवाल्यांचं काहीच खरं नाही, असं नव्हे. छोट्या डीव्ही कॅसेटवरचं एक तासाचं चित्रण कॉम्प्युटरवर सुमारे १३ जीबी जागा खातं. दर प्रोजेक्टला त्याची नवी प्रत काढली तर डिस्क भरायला किती वेळ? शिवाय मूळ चित्रणाला धक्का लागत नाही, हा फायदा आहेच.

माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे. फायनल कट प्रो इम्पोर्ट करतानाच विचारतं, प्रत काढून ठेवू की फाइल आहे तिथेच राहू दे? हा एक प्रश्न सगळ्यांनीच विचारायला काय हरकत आहे? ॲनिमेशनच्या ब्लेंडरमध्ये चित्रं आणि आवाज प्रोजेक्टच्या फाइलमध्येच बांधून ठेवता येतात. पण व्हिडिओच्या फाइली तशा बांधता येत नाहीत, त्या बाहेरच राहतात. नवख्या माणसाला हे कळावं कसं?

धंदेवाईक मंडळी यातून निभावून नेतात. प्रश्न घरगुती फिल्मचा आहे. कुणाच्या पंचाहत्तरीची, कुणाच्या लग्नाची, कुणा आजीने म्हटलेल्या ओव्यांची. तो आवाज पुन्हा रेकॉर्ड करायला ती आजी कुठून आणणार?

म्हणून सॉफ्टवेअर सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर आपण तीन गोष्टी कराव्यात. आधी एक फोल्डर करून फोटो, गाणी, चित्रण सगळं त्यात गोळा करावं आणि मगच इम्पोर्टला हात लावावा. दुसऱ्याला काम देताना नुसती प्रोजेक्टची फाइल न देता तो अख्खा फोल्डर द्यावा. (प्रीमिअरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ आणि केडेनलाइव्हमध्ये ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ हे गोळा करायचं काम करून देतात.) आणि फिल्म पुरी झाली की तिची एक्सपोर्ट केलेली अखंड फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवावी. ती कुठल्याही पत्त्यावर अवलंबून नसते.

घरातली पोरं या कामात आपल्यापेक्षा चपळ आहेत, हे मान्य. पण ‘झालं, सेव्ह केलंय’ असं म्हणाली, की एवढंच विचारा, ‘काय सेव्ह केलंस बाळा, पुस्तक की कार्ड?’