इतिहासाच्या झरोक्यातून : गव्हर्नरसाहेबांचं टपाल



लढाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? घोडे, तोफा, तलवारी आणि धुरळा. बरोबर ना? पण प्रत्येक मोठ्या लढाईला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे कागद! सैनिकांना दाणागोटा कोण देणार, बूट कुठून येणार, नवी पलटण केव्हा निघणार, हे सगळं कुणीतरी कुणाला तरी लिहून कळवावं लागतं. आज अशाच एका लिहिणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ या. त्यानं रणांगणावर तलवार गाजवली नाही. तरीही त्याच्या टपालावाचून अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध फार अवघड झालं असतं.

त्याचं नाव जोनाथन ट्रंबुल. जन्म १७१० सालचा, गाव लेबनन. नकाशात पश्चिम आशियातला लेबनॉन देश शोधू नका हं! हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट प्रांतातलं एक छोटंसं खेडं. ट्रंबुल हार्वर्डला शिकला, मग व्यापारात पडला. पुढे तो प्रांताचा मुख्य न्यायाधीश झाला आणि १७६९ मध्ये गव्हर्नर. व्यापारात मात्र त्याचं दिवाळं वाजलं होतं. म्हणजे गव्हर्नर झाला तेव्हा पदरी मान होता, पण पैसा नव्हता.

त्या वेळी अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर वरून नेमून यायचा. साहजिकच तो राजाचा माणूस असायचा. कनेक्टिकटची गोष्ट वेगळी होती. १६६२ साली मिळालेल्या सनदेमुळे तिथले लोक आपला गव्हर्नर स्वतः निवडत. त्यामुळे १७७५ मध्ये युद्धाची ठिणगी पडली तेव्हा गादीवर असलेल्या गव्हर्नरांपैकी एकटा ट्रंबुल लोकांच्या बाजूनं उभा राहिला. बाकीचे राजाशी एकनिष्ठ राहिले.

सनावळी लक्षात ठेवायची एक सोपी युक्ती सांगतो. १७७५ म्हणजे राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला, आणि आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, तेच वर्ष. इंग्रजांपुढे एकाच वेळी दोन टोकांना दोन लढाया होत्या!

१९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन इथं इंग्रज सैनिक आणि गावकरी यांच्यात गोळीबार झाला. मुख्य न्यायाधीश राहिलेला माणूस अशा वेळी काय करील? ट्रंबुलनं पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला विचारलं. २८ एप्रिलला त्यानं बॉस्टनमधल्या इंग्रज सेनापतीला, जनरल गेजला, पत्र धाडलं. हे रक्त का सांडलं, आणि ते थांबवायचा काही मार्ग आहे का, असा त्या पत्राचा मथितार्थ. दोन प्रतिष्ठित गृहस्थ ते पत्र घेऊन गेले. गेजनं उत्तरही दिलं. पण युद्ध काही थांबलं नाही. मग मात्र ट्रंबुलनं मागं वळून पाहिलं नाही.

जुलै महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टननं बॉस्टनजवळ केंब्रिज इथं अमेरिकन सैन्याची सूत्रं हाती घेतली. वॉशिंग्टन तेव्हा ४३ वर्षांचा, तर ट्रंबुल चौसष्ट वर्षांचा. ट्रंबुलनं त्याला धीर देणारं, आशीर्वाद देणारं पत्र लिहिलं. सगळं कसं छान चाललं होतं. आणि दोनच महिन्यांत दोघांची चक्क खटकली!

झालं असं. कनेक्टिकटनं नव्या पलटणी उभ्या केल्या होत्या. इंग्रजांच्या वेढ्यात त्या आपल्याला हव्यात, असं वॉशिंग्टनचं म्हणणं. इकडे ३० ऑगस्टला इंग्रजी जहाजानं कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरच्या स्टोनिंग्टन गावावर तोफा डागल्या. आता किनाऱ्यावरची माणसं घाबरून गव्हर्नरकडे येणार नाहीत तर कुठं जातील? म्हणून ट्रंबुलनं ५ सप्टेंबरला वॉशिंग्टनला कळवलं, की काही सैनिक किनाऱ्याच्या रक्षणासाठी ठेवून घेतो आहोत. तेवढ्यात वॉशिंग्टनचं ८ सप्टेंबरचं पत्र येऊन थडकलं. भाषा हुकमाची : पलटणी ताबडतोब पाठवा! आणि ट्रंबुलच्या पत्राचा त्यात साधा उल्लेखही नव्हता.

म्हातारबुवा दुखावले. तुम्ही आम्ही काय केलं असतं? ‘जा, नाही पाठवत’ असं म्हणून गाल फुगवून बसलो असतो. ट्रंबुलनं तसं केलं नाही. त्यानं पलटणी पाठवायची व्यवस्था केली, आणि मग १५ सप्टेंबरला पत्र लिहून आपली नाराजी स्पष्ट शब्दांत कळवली. माझं आधीचं पत्र पोचलंच नाही, की उत्तर देण्याच्या लायकीचं वाटलं नाही, असं त्यानं विचारलं. माणूस म्हणून तुमच्याबद्दल आदर आहे, पण सेनापती म्हणून तुम्ही केलंत ते रुचलं नाही, असा सूरही त्यात होता.

आता परीक्षा वॉशिंग्टनची. सेनापती तो! पण २१ सप्टेंबरच्या उत्तरात त्यानं आवाज चढवला नाही. माणूस वेगळा आणि पद वेगळं असा भेद तुम्हाला करावासा वाटला, याचं मला मनापासून वाईट वाटतं, असं त्यानं लिहिलं आणि आपली अडचण समजावून सांगितली. भांडण तिथंच मिटलं.

तुम्ही म्हणाल, मिटलं तर मिटलं, त्यात एवढं काय? थांबा. त्याचं मोल कळायला आणखी अडीच वर्षं जावी लागली.

१७७७-७८ चा हिवाळा. वॉशिंग्टनचं सैन्य पेनसिल्व्हानियातल्या व्हॅली फोर्ज इथं तळ देऊन होतं. सुमारे बारा हजार माणसं. अंगावर धड कपडे नाहीत, पायांत बूट नाहीत, आणि पोटाला तर काहीच नाही. त्या तळावर सुमारे दोन हजार सैनिक मेले, आणि तेही बहुतेक रोगराईनं! शत्रूची गोळी न लागता!

हे असं का झालं? सैन्याच्या रसदीचा पहिला मुख्य अधिकारी होता जोसेफ ट्रंबुल, म्हणजे आपल्या गव्हर्नरांचाच मुलगा. १७७७ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या मध्यवर्ती सभेनं, रसदीच्या खात्याचे नियम बदलले. ते जोसेफला पटले नाहीत आणि त्यानं राजीनामा दिला. खातं विस्कळीत झालं आणि सैन्य उपाशी राहिलं. खुद्द जोसेफ १७७८ च्या जुलैत वारला.

अशा वेळी, ६ फेब्रुवारी १७७८ रोजी, वॉशिंग्टननं व्हॅली फोर्जहून ट्रंबुलला पत्र लिहिलं. या वेळी भाषा हुकमाची नव्हती. हे काम खरं तर तुमच्या अखत्यारीतलं नाही, पण तुम्ही लक्ष घालाल अशी मला खात्री आहे, अशी ती विनंती होती.

विचार करा. ज्या सभेमुळे आपल्या मुलाला पद सोडावं लागलं, तिच्याच सैन्यासाठी हे मागणं आलं होतं. ‘मी का करू?’ असं ट्रंबुल म्हणू शकला असता. पण कनेक्टिकटमधून लगेच हालचाल झाली. कर्नल हेन्री चँपियनच्या देखरेखीखाली गुरांचे कळप निघाले. गुरंच का? त्या काळच्या फौजेचं मुख्य अन्न पाव आणि मांस. पिठाची पोती वाहायला गाड्या लागतात आणि हिवाळ्यातल्या चिखलात गाड्या रुततात. गुरं मात्र स्वतःच्या पायांनी चालत येतात! वाटेत हडसन आणि डेलावेअर या दोन मोठ्या नद्या होत्या. त्या ओलांडून सुमारे ३०० गुरं तळावर पोचली, आणि भुकेल्या सैनिकांनी ती पाच दिवसांत फस्त केली, असं सांगतात.

ही सगळी सूत्रं हलत होती ती कुठून? कुठल्या राजवाड्यातून नाही, तर लेबननमधल्या ट्रंबुलच्या जुन्या दुकानातून! त्या छोट्याशा लाकडी घराला लोक ‘युद्ध कचेरी’ म्हणू लागले. गव्हर्नर आणि त्याच्या सुरक्षा समितीच्या युद्धकाळात हजाराहून अधिक बैठका झाल्या. घोडेस्वार यायचे, पत्रं टाकायचे, उत्तरं घेऊन दौडत जायचे. वॉशिंग्टन, काँग्रेसचे अध्यक्ष, शेजारचे गव्हर्नर अशा सगळ्यांशी पत्रव्यवहार चाले. कनेक्टिकटला तर ‘रसद पुरवणारा प्रांत’ असं नावच पडलं.

याचं बक्षीस काय मिळालं? कौतुक मिळालं, तसा लोकांचा रागही मिळाला. कर वाढले होते, नोटांची किंमत घसरली होती. गव्हर्नर शत्रूशी चोरटा व्यापार करतो, अशी कंडीही पिकली. तेव्हा १७८२ मध्ये ट्रंबुलनं स्वतःच प्रांताच्या विधिमंडळाला सांगितलं, माझी चौकशी करा. चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. १७८४ मध्ये त्यानं पद सोडलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या मुलाला वॉशिंग्टननं सांत्वनाचं पत्र लिहिलं.

ट्रंबुलची कागदपत्रं पुढे छापली गेली. म्हणून तर दोनशेहून अधिक वर्षांनी आपल्याला ही खटकाखटकी वाचता येते. ती युद्ध कचेरीही लेबननमध्ये जपून ठेवलेली आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. वहीचं पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा : सप्टेंबर १७७५ मध्ये वॉशिंग्टनला काय दिसत होतं? उजवीकडे लिहा : ट्रंबुलला काय दिसत होतं? आई-बाबांनाही विचारा, ते कुणाच्या जागी काय करते? दोन्ही बाजू भरून झाल्या, की तुमच्या लक्षात येईल की दोघांचंही बरोबर होतं. अशी भांडणंच मिटवायला सगळ्यात अवघड असतात. आणि पुढच्या वेळी जिवलग मित्राचं काही खटकलं, तर अबोला धरू नका. त्याचं अडलेलं काम करा आणि मग चार ओळींत सरळ लिहून टाका. काय सांगावं, कधीतरी तुमच्याही व्हॅली फोर्जला तोच धावून येईल!

भेटू या, पुढच्या अंकात.