किल्ला कुणाचा? आधी सांगा, किल्ला कसा?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आनंदाचीच गोष्ट. पण त्यानंतर जे ऐकू आले, त्यात प्रश्न एकच होता: किल्ला कुणाचा? एकीकडे 'आमचाच' म्हणून डीजे लावणारे, दुसरीकडे 'मूळ बांधणारे आमचे सुलतान' म्हणून व्हॉट्सअॅपवर छाती फुगवणारे आपले बांधव. हा प्रश्न किती महाग पडतो ते गजापूरने १४ जुलै २०२४ रोजी पाहिले. वाद विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा होता, फुटली मात्र पायथ्याच्या गरिबांची घरे आणि त्यांची मशीद.

माझ्या मते विचारायचे ते वेगळेच आहे. किल्ला बांधला कसा? आणि आज तसा बांधू शकेल असा कारागीर आपल्याकडे किती दिवस उरणार आहे?

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्या. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते, म्हणजे नरनाळा आपलाच. तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, बहमनी काळातला. तो उभारणारा फत्हुल्ला इमाद-उल-मुल्क जन्माने विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला. दरवाजावर अरबी अक्षरे आहेत, कमळे आहेत, दगडी जाळ्या आहेत, आणि लोकांच्या तोंडी नाव महाकालीचे. आता करा वाटणी! अक्षरे एकाला आणि कमळे दुसऱ्याला द्यायची तर दरवाजा फोडावा लागेल.

मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. वर्गात कधी कधी फळ्यावर शब्द लिहितो: किल्ला, बुरूज, खंदक, इमारत, किल्लेदार. हे अरबी-फारसीतून आले. शेजारी लिहितो: तट, पाथरवट, चुना. हे संस्कृत-प्राकृतातून आले. मुलांना सांगतो, यातली एक ओळ पुसा आणि किल्ला बांधून दाखवा.

शब्द निदान उरले, हुन्नर चालला. चुन्याचेच बघा. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळायची. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक, ओढायला बैल. कुठे गूळ, कुठे बेलफळ, कुठे हिरड्याचे पाणी. हा चुना हवा शोषत सावकाश पुन्हा दगड होतो. तो भिंतीला ओल बाहेर टाकू देतो, थोडे हलूही देतो. सिमेंट तसे करत नाही. जुन्या भिंतीला सिमेंटचे ठिगळ लावले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्तीच भिंतीच्या मुळावर येते.

हे ज्यांना कळत होते त्यांना आपण काय दिले? दगड फोडणारा वडार समाज आज विमुक्तांच्या यादीत आहे. बेलदारांत हिंदूही आहेत आणि मुसलमानही. दोघांच्याही वाट्याला बहुधा मजुरीच. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचे नाव कोरलेले आहे, हा त्या काळाचा मोठेपणा. आपला काळ उद्घाटनाच्या पाटीवर पाहुण्यांची नावे कोरतो. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. समोर समुद्रात १६६४ ते १६६७ दरम्यान बांधलेल्या सिंधुदुर्गाचा तट लाटा खात उभा आहे. महाराजांचे नाव कुणी राखले, घाईच्या कंत्राटाने की पाथरवटाच्या छिन्नीने?

फ्रान्समध्ये गेडेलाँ नावाच्या ठिकाणी १९९७ पासून तेराव्या शतकासारखा एक नवा किल्ला बांधत आहेत. जागा निवडली जंगलातली सोडलेली खदान. दगड, लाकूड, माती, पाणी तिथलेच. लोहार तिथेच छिन्न्यांना धार लावतो. ओझे चढवायला माणसे लाकडी चाकात चालतात. लोक तिकीट काढून बघायला येतात आणि त्या पैशावर काम चालते. त्यांना राहायला किल्ला नको होता, किल्ला बांधता येणारी माणसे हवी होती. २०१९ मध्ये पॅरिसचे नोत्र दाम जळाले, तेव्हा गेडेलाँवर हात बसलेले सुतार छताच्या कामाला उपयोगी पडले.

मग आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या बंद खदानीत हे का होऊ नये? अख्खा किल्ला नको. एक दरवाजा, दोन बुरूज, दहा वर्षे. नरनाळा, गाविलगड ही संरक्षित स्मारके. तिथे हात शिकवता येत नाही, शिकलेलेच हात न्यावे लागतात. ते शिकणार कुठे?

कुणी म्हणेल, शाळांची छपरे गळतात आणि मास्तरला किल्ला सुचतो. छपरे आधी दुरुस्त करा, मीच पहिला सही करीन. पण गावोगाव सिमेंटच्या कमानींना दगडाचा रंग फासायला पैसे मिळतात, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: जुने किल्ले वेठबिगारीनेही बांधले गेले. म्हणूनच इथे रोख मजुरी, विमा आणि प्रमाणपत्र हवे. आणि शिकवणारा वडार, बेलदार, गवंडी हजेरीपटावर उस्ताद म्हणून लागला पाहिजे, रोजंदार म्हणून नाही.

आपल्या समाजालाही सांगतो. बादशहांच्या नावाने पोट भरत नाही. आपल्या मोहल्ल्यातला म्हातारा मिस्त्री चुना मळायला विसरला, तर गाविलगडाचा अभिमान पोकळ आहे. तोच चुना पोरगा शिकला, तर उद्या नरनाळ्याच्या दुरुस्तीला आणि रायगडाच्याही दुरुस्तीला सरकारला त्याच्या दारात यावे लागेल. त्या दिवशी किल्ला कुणाचा हे त्याला ओरडून सांगावे लागणार नाही.