जमा दिसते, शिल्लक कुठे आहे?

नोकरीची सगळी वर्षं मी भांडार शाखेत काढली. त्यामुळे लढायांची पुस्तकं वाचतानाही डोळे आधी नोंदवही शोधतात. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचंच घ्या. ३ जुलै १७७५ ला जॉर्ज वॉशिंग्टननं मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अमेरिकी सैन्याची सूत्रं हाती घेतली. त्या दिवशीचा हुकूम काय? प्रत्येक पलटणीनं माणसं किती, आजारी किती, जखमी किती, रजेवर किती आणि दारूगोळा किती, हे लिहून द्यावं. आठवडा उलटला तरी आकडे जुळेनात.

ऑगस्टमध्ये खरा प्रकार उघडकीला आला. कागदावर बंदुकीच्या दारूची सुमारे तीनशे पिंपं होती, मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात निघाली छत्तीस. चोरी झाली नव्हती. साठ्याचा हिशेब देणाऱ्या तिथल्या समितीनं आजवर जमा झालेला साठा कळवला, खर्च वजाच केला नाही. बाकीच्या वसाहतींचा साठा धरूनही शिपायामागे नऊ फैरींपुरती दारू. वॉशिंग्टन अर्धा तास गप्प होता, असं जनरल सलिव्हननं पत्रात लिहिलंय. असला गप्पपणा मी साठा पडताळणीच्या वेळी साहेबलोकांत पाहिलाय.

पुढे सैन्याला वळण लागलं. मुख्यालयातला रोजचा हुकूम पलटणींचे ॲडज्युटंट हातानं उतरवून घेत, त्यांच्याकडून तो कंपनीच्या सार्जंटच्या वहीत येई आणि शिपायांना वाचून दाखवला जाई. शुद्धलेखन ज्याचं त्याचं. रात्रीचे परवलीचे शब्दही याच वहीत, म्हणजे नकलेत चूक झाली तर आपलाच पहारेकरी आपल्याला अडवणार. १७७९ मध्ये या सैन्याला कवायत शिकवणाऱ्या श्टॉयबेननं कवायतीच्या नियमांबरोबर हिशेबाचे तक्तेही छापून दिले.

एवढी शिस्त लावली, पण कागद सांभाळले का? ८ नोव्हेंबर १८०० ला युद्ध खात्याची कचेरी जळाली आणि दप्तर खाक झालं. १८३२ च्या कायद्यानं त्या युद्धात सहा महिने चाकरी केलेल्यांनाही पेन्शन मिळू लागली. ज्यांच्याकडे कागद नव्हता, असे सत्तरी ओलांडलेले म्हातारे कोर्टात उभे राहून शपथेवर सांगू लागले: कप्तान कोण होता, कुठून कुठे चाललो, कुठे लढलो. त्या जबान्या इतिहासकारांना फार मोलाच्या वाटतात. असतीलही. पण हजेरीपट सरकारनं गमवायचा आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कप्तानाचं नाव म्हाताऱ्यानं आठवायचं, हा न्याय मला तेव्हाचाही मान्य नाही आणि आजचाही.