चौकातला पडदा आपलाही आहे

मे महिन्यात परभणीचा पारा 42 अंशांच्या पुढे गेला की दुपारभर रस्ते ओस पडतात. शहर खऱ्या अर्थाने जागे होते ते रात्री आठनंतर. पण बाहेर कोण येते? आपण पोरे. टपरीवर चहा, गाडीवर टेकून मोबाइल, अकरापर्यंत गप्पा. त्याच वेळी अम्मी आणि बहीण गच्चीवर हवा खात बसलेल्या असतात. त्यांना शहर दिसते ते वरून.

माझ्या नानीने मात्र तिच्या तरुणपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला होता. मध्ये कापड लावून एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. शेजारच्या मराठा आणि बंजारा बायकांबरोबर ती एकाच सतरंजीवर बसायची. कोणता पिक्चर होता ते तिला आठवत नाही, कोण शेजारी बसले होते ते आठवते. ती म्हणते, “जत्रा उनकी थी, तंबू सबका था.”

ट्रकमध्ये प्रोजेक्टर, सोबत तंबू आणि पडदा, असा संसार घेऊन महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीज जत्रेमागून जत्रा करत फिरायच्या. त्यांच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातला एक टॉकीजमालक मोहम्मद आहे. देवाच्या जत्रेत मुसलमान माणूस तंबू ठोकतो आणि सगळा गाव तिकीट काढून आत बसतो, याचे तिथे कुणालाच नवल वाटत नाही. पुढे टीव्ही आला, मोबाइल आला, रिळे जाऊन डिजिटल आले आणि तंबू उठत गेले.

सिनेमा मोबाइलवर आजही आहे. एकत्र बसणे तेवढे गेले. माझे म्हणणे साधे आहे. परभणीत उन्हाळ्याचे चार-पाच शनिवार एखाद्या चौकात किंवा मोकळ्या मैदानात पडदा लागावा, सिनेमा फुकट असावा आणि कुणीही येऊन बसावे. इटलीतल्या बोलोन्या शहरात हे दर उन्हाळ्यात होते. एका बाजूला मोठे चर्च, एका बाजूला नगरपालिका, मधल्या चौकात तिथली चित्रपट संस्था पडदा लावते आणि रात्री हजारो लोक खुल्या आभाळाखाली बसतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. मग यात मागे का?

यावर माझ्याच मित्रांनी दोन आक्षेप घेतले. दोन्ही खरे आहेत.

पहिला असा, की चौकात पडदा लावला तर त्यावर काय दाखवतील? मे 2023 मध्ये ‘द केरला स्टोरी’चे फुकट खेळ राजकीय नेत्यांनी ठिकठिकाणी लावले होते. आपल्याबद्दल भीती पसरवणारा सिनेमा आपल्याच चौकात लागला तर? ही शंका मला हसण्यावारी नेता येत नाही. पण म्हणूनच लांब राहणे चुकीचे वाटते. आपण नसलो तर निवड दुसरे करतील. निवड समितीत दलित, मराठा, बंजारा आणि मुसलमान, पोरे आणि पोरी दोन्ही असतील, तर यादी वेगळी होईल. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आपण सगळ्यांनी मिळून पाहावा. सईद मिर्झांचा ‘नसीम’ (1995) पाहावा. बाबरी पडण्याआधीच्या महिन्यांतल्या मुंबईतली शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा यांची ती गोष्ट आहे. आजोबा झालेत कैफी आझमी. आपल्या घरातले दुःख शेजाऱ्याने शेजारी बसून पाहणे, याला दुसरा पर्याय नाही.

दुसरा आक्षेप घरातला: “बायका चौकात बसणार? लोग क्या कहेंगे?” तोच सिनेमा घरी मोबाइलवर चालतो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. मग अडचण सिनेमाची नसून बाईने चौकात दिसण्याची आहे, हे आपण कबूल करावे. नानी बसली होती. तिच्या नातीला बसता येत नसेल, तर आपण पुढे गेलो की मागे?

बाकी अडचणी सुटणाऱ्या आहेत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. मगरिबनंतर अंधार पडताच, पावणेआठला खेळ सुरू केला, तर दोन तासांच्या आतला सिनेमा आरामात बसतो. मध्यंतर इशाच्या वेळी ठेवावे. नमाजीला नमाज मिळेल, चहावाल्याला धंदा. सिनेमाच्या हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी, महापालिकेकडे आणि पोलिसांकडे अर्ज करावा. पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि घरी जायला उजेडाचा रस्ता, एवढे आधी मागावे.

डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली आणि परभणीत काय घडले ते आपण पाहिले. तेव्हापासून चौक म्हटले की मला आधी बंदोबस्त आठवतो. चौकात आपण मोर्चाला जातो, मिरवणूक बघायला थांबतो, नाहीतर घाईने पार होतो. तिथे निवांत बसायचे कारण मात्र आपल्याकडे उरलेले नाही.

अर्ज लिहायला मी तयार आहे. पण त्यावर एकट्या मुसलमान पोरांच्या सह्या नकोत. आपल्या वर्गातल्या, गल्लीपलीकडच्या दोन मित्रांची सही प्रत्येकाने आणावी, आणि एक सही घरातल्या बाईची. मी अम्मीला विचारले. ती आधी हसली, मग म्हणाली, “सतरंजी अपनी लेके जाना पडेगा क्या?”

पहिली सही तिची.