डोळ्याचे औषध दुकानदाराने ठरवू नये

गळीत हंगाम सुरू झाला की फडात वावरणाऱ्या माणसाचे डोळे लाल व्हायला वेळ लागत नाही. पाचटाची कूस, कोयत्याच्या घावासरशी उडणारी धूळ, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि वाऱ्याबरोबर येणारी चिमणीची काजळी यांचा अनुभव सभासद बंधू-भगिनींना आम्ही सांगायला नको. डोळे चुरचुरतात, पाणी गळते, खाजवून खाजवून पापण्या सुजतात. मग संध्याकाळी गावात आले की औषधाच्या दुकानासमोर गाडी थांबवायची आणि म्हणायचे, "डोळ्याचा ड्रॉप द्या एक." कोणता ड्रॉप, हे घेणारा विचारत नाही आणि देणाराही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी लाली उतरलेली असते. झाले! त्या बाटलीचे गल्लीभर नाव होते आणि ती घरोघर फिरू लागते.

आमचा आक्षेप नेमका या एका रात्रीत गुण देणाऱ्या बाटलीला आहे. लाली इतक्या झटपट उतरवणारे औषध पुष्कळदा स्टिरॉइड असते. बाटलीवरची नावे वाचून पाहावीत. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन अशी 'सोन' किंवा 'लोन' शेवटी असलेली नावे बहुतेक याच जातीची. कित्येक बाटल्यांत अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असते आणि घेणाऱ्याला वाटते की आपण नुसते जंतूंचे औषध घातले. ही औषधे शेड्यूल एच मध्ये मोडतात. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत असा कायदा आहे. वेष्टनावरची लाल रेघ त्यासाठीच असते. प्रत्यक्षात काय चालते ते आपण सगळे जाणतो.

स्टिरॉइड वाईट औषध आहे असे आमचे म्हणणे नाही. जाणकाराच्या हातात त्याने डोळे वाचतात. पण ते सूज दाबते आणि त्याबरोबर शरीराची झुंजही दाबते. उसाचे पाते डोळ्याला लागले तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला बारीक ओरखडा जातो आणि पात्यावरची बुरशी त्यात शिरू शकते. फ्युजेरियम हे तिच्यापैकी एक नाव. पोक्का बोइंग रोगाने उसाचा शेंडा वाकडा झालेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे कूळ परके नाही. अशा जखमेत स्टिरॉइडचा थेंब पडला की ठणका कमी होतो, लाली उतरते, माणूस पुन्हा फडात जातो आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. थेंब घातला नसता तर दुखण्यानेच तो दोन दिवसांत दवाखाना गाठता. आठ-दहा दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तेव्हा धावाधाव सुरू होते. बुरशीवरचे नाटामायसिनसारखे औषध सुरुवातीला तासा-तासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागते. एवढे करूनही डोळ्यात फूल पडायचे ते पडतेच. पोक्का बोइंग पडलेल्या उसाला आपण युरियाचा डोस देऊन पाने हिरवी झाली म्हणून समाधान मानत नाही. मग डोळ्याच्या बाबतीत एवढी घाई कशासाठी?

दुसरी गोष्ट मुलांची. उन्हाळा लागला की काही मुलांचे, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांचे, दोन्ही डोळे भयंकर खाजतात. ही एक ॲलर्जीच आहे. दर वर्षी येते आणि बहुतेकांची वयात आल्यावर जाते. पण आई-बाप करतात काय, की एकदा डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी लिहून दिलेली बाटली पुढे दोन-दोन वर्षे दुकानातून आणत राहतात. स्टिरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर दर तीन माणसांत साधारण एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो. कुणाचा थोडा वाढतो, कुणाचा फार. हा दाब दुखत नाही, खुपत नाही. दृष्टीची नस मात्र सुकत जाते आणि काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. मोतीबिंदूही याच थेंबांनी कमी वयात होऊ शकतो, पण त्याला निदान इलाज तरी आहे. पोराला वर्गातला फळा दिसेना म्हणून दाखवायला न्यावे आणि नस सुकली आहे असे ऐकावे, ही पाळी कोणत्याही घरावर येऊ नये.

मग डोळे खाजले तर करायचे काय? पहिले औषध स्वच्छ गार पाणी आणि ओल्या फडक्याची घडी. डोळे चोळायचे नाहीत. एवढ्याने भागले नाही तर ॲलर्जीसाठी निराळे थेंब मिळतात. ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन हे खाज थांबवतात आणि त्यांत स्टिरॉइड नसते. सोडियम क्रोमोग्लायकेट हे सावकाश काम करणारे, नेमाने काही दिवस घातले तरच गुण देणारे. नुसता कोरडेपणा आणि चुरचुर असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. तरीसुद्धा पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवूनच यांतला कोणता ते ठरवावे. आणखी एक जात आहे, लाली घालवणारी, नॅफाझोलिनची. ती रक्तवाहिन्या आकसून डोळा पांढरा करते, पण रोज घातली तर बंद केल्यावर डोळा आधीपेक्षा लाल होतो आणि माणूस बाटलीला बांधला जातो. लग्नाच्या फोटोपुरता डोळा पांढरा करून काय साधायचे?

एक खूण घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. दोन्ही डोळे खाजतात, पाणी येते, नजर मात्र स्वच्छ आहे, ते बहुधा ॲलर्जीचे. एकच डोळा ठणकतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसते, किंवा पाते, काडी, खडा लागल्यानंतर डोळा लाल झाला आहे, तर घरातला कोणताही थेंब न घालता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात तिथे निदान तपासणी तरी होते. जिभेने कुसळ काढणाऱ्या बाईकडे जाणे, डोळ्यात मध, कांद्याचा रस किंवा अंगावरचे दूध घालणे हे आता थांबले पाहिजे. तणनाशकाचा शिंतोडा उडाला किंवा तंबाखूच्या पुडीतला चुना पोराच्या डोळ्यात गेला, तर थेंब शोधत बसू नये. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मग दवाखाना. कोप्यांवर चुन्याचा खेळ करणारी लहान पोरे असतात म्हणून हे मुद्दाम लिहिले.

थेंब घालण्याची रीतही आपल्याकडे चुकीचीच आहे. हात धुवावेत, मान मागे करावी, खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब सोडावा. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त औषध मावत नाही, बाकीचे गालावरून ओघळते. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटलीचे तोंड डोळ्याला किंवा पापणीला टेकवू नये. फोडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यावी, देव्हाऱ्यामागे पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, मग ते सख्खे भाऊ का असेनात. दूषित थेंब काय करू शकतात हे २०२३ साली अमेरिकेत दिसले. साध्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांत जंतू निघाले, कित्येकांची दृष्टी गेली, काहींचे प्राणही गेले. ते थेंब तमिळनाडूत तयार झाले होते. त्याच वर्षी जुलैत आळंदी परिसरात आणि पुढे राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली तेव्हा घरटी एक बाटली सगळ्यांच्या डोळ्यांत फिरली. ती साथ मुख्यतः विषाणूंची होती. अँटिबायोटिकने ती बरी होणारी नव्हती, आणि बाटलीमुळे मात्र एकाची दुसऱ्याला लागत होती.

आता कारखान्याविषयी. आपल्या भांडाराच्या औषध विभागातून स्टिरॉइडचा थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नये. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. जाऊ द्या. आपले दुकान सभासदांचे आहे. नेत्रशिबिर आपण पावसाळ्यात घेतो. तेव्हा मोतीबिंदूची म्हातारी माणसे येतात हे चांगलेच, पण बीड-पाथर्डीकडून आलेले तोडणी कामगार तोवर गावी परतलेले असतात. ज्यांच्या डोळ्याला पाते लागते तेच शिबिरात नसतात. एक शिबिर डिसेंबरात, कोप्यांच्या तळावर व्हावे. आणि टोळीला उचल देताना माणशी एक चष्मा द्यावा. प्लॅस्टिकच्या चष्म्यावर घामाने वाफ धरते आणि कामगार तो काढून ठेवतात, हे खरे आहे. म्हणून बारीक जाळीचा चष्मा दोन टोळ्यांवर आधी वापरून पाहावा. ज्यांच्या घामावर आपला ऊस वेळेत गव्हाणीत पडतो त्यांच्यासाठी हा खर्च जड नाही.

संचालक मंडळाने वार्षिक सभेपूर्वी यावर निर्णय घ्यावा. दरम्यान प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवावी आणि हंगामात कोणाच्या डोळ्याला काय लागले, त्याने पहिल्यांदा कोणते औषध घातले आणि दवाखान्यात कितव्या दिवशी गेला, एवढे शेतकी मदतनीसांनी तीत लिहून घ्यावे.