कोणाचे काम आधी?

घरात दोन चुली आणि पाच पदार्थ असले म्हणजे गृहिणीला एक हिशेब करावाच लागतो. चार पदार्थांना प्रत्येकी १० मिनिटे व डाळीला ४० मिनिटे लागतात, असे समजा. किरकोळ पदार्थ आधी उरकले, तर २० मिनिटांनी डाळ चुलीवर चढेल आणि पाने वाढावयास तासभर लागेल. डाळ प्रथम चढवून दुसऱ्या चुलीवर बाकीचे केले, तर ४० मिनिटांतच सारे सिद्ध होईल. चुली त्याच, पदार्थ तेच. फरक केवळ क्रमाचा.

हाच प्रश्न संगणकांच्या जगात फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेतील कणभौतिकीच्या प्रयोगांतून निघणारी अफाट माहिती एकाच ठिकाणी तपासणे शक्य नसल्याने, ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांचे संगणक परस्परांस जोडलेले आहेत. अशा जाळ्यास ग्रिड म्हणतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्र ही त्यात सहभागी आहेत. कोणते काम कोणत्या संगणकाने केव्हा करावे, हे ठरविणारी आज्ञावली ही या विस्तीर्ण संसाराची कारभारीणच होय.

मोठे काम आधी घेण्याची रीत कितपत भरवशाची? अमेरिकन गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ साली सिद्ध केले की, यंत्रे सारख्या क्षमतेची व कामे स्वतंत्र असतील, तर या रीतीने लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या चार-तृतीयांशाहून अधिक कधीच होत नाही. तत्पूर्वी १९६६ साली त्यांनीच दाखविले होते की, कामे एकमेकांवर अवलंबून असली म्हणजे एखादे यंत्र वाढविल्यानेही क्वचित विलंब वाढतो!

परंतु वेळ वाचविणे आणि न्याय करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. एखाद्या संशोधकास एकाच वेळी शंभर संगणक हवे असतात. छोटी कामे मध्ये घुसत राहिली, तर शंभर संगणक एकदम मोकळे होतच नाहीत. उलट, सर्वांना रांगेत थोपवून धरले, तर मोकळे झालेले संगणक उगीच स्वस्थ बसतात. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत यावर तोड काढण्यात आली. रांगेतील पहिल्या कामासाठी वेळ राखून ठेवावयाची, आणि तोवर रिकाम्या संगणकांवर मागची छोटी कामे उरकून घ्यावयाची. मात्र राखलेल्या वेळेस धक्का लागता कामा नये.

ही व्यवस्था उभी असते ती प्रत्येकाने आपल्या कामाविषयी दिलेल्या अंदाजावर. सांगितलेली मुदत संपली की काम बहुधा मध्येच थांबविले जाते. म्हणून भयापोटी कोणी एका तासाचे काम चार तासांचे सांगतो. मग ते काम लहान फटीत बसत नाही, आणि सांगणाराच ताटकळत राहतो. गणित कितीही सूक्ष्म असले, तरी त्यास पुरविलेली माहिती खरी हवी. ज्याने त्याने आपली गरज नेमकी सांगितली, तर धाकट्यालाही जागा मिळते आणि थोरल्याचीही वेळ टळत नाही.